रंगातली वजाबाकी

गेल्या अंकात एचआयव्हीबाधित रुग्णांच्या ‘सीडी४ काउंट’विषयी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देताना ‘रंगीत प्रतिपिंडे लावून या पेशी मोजतात’ असे एक वाक्य मी ओझरते लिहून गेलो होतो. अनेक वाचकांना ते अपुरे वाटले, आणि खरोखरच ते अपुरे होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझी नात पुण्यात एका प्रयोगशाळेत संशोधन करते. फोनवर विचारले की ‘आज दिवसभर पेशींना अँटिबॉडी लावत होते’ असे सांगते. मी शाळेत तीस वर्षे विज्ञान शिकवले. लीशमनचा रंग देऊन रक्ताची काचपट्टी मुलांना दाखवली. न्यूट्रोफिल, इओसिनोफिल, लिम्फोसाइट ओळखायला शिकवले. मग लिम्फोसाइटमधले आणखी प्रकार त्याच रंगाने का ओळखता येत नाहीत, आणि अँटिबॉडीला रंग लावतात म्हणजे नेमके काय करतात? — निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : लीशमनचा रंग पेशीतल्या पदार्थांच्या आम्ल किंवा अल्क स्वभावानुसार चढतो. केंद्रक आम्लधर्मी असल्यामुळे ते निळे-जांभळे होते, आणि इओसिनोफिलमधले कण अल्कधर्मी असल्यामुळे ते इओसिन घेऊन नारिंगी होतात. टी लिम्फोसाइट आणि बी लिम्फोसाइट यांच्यात असा ठोकळ रासायनिक फरक नाही. दोघांचेही मोठे गोल केंद्रक आणि त्याभोवती पेशीद्रवाची बारीक कड अगदी सारखी दिसते, आणि कितीही अनुभवी डोळा असला तरी काचपट्टीवर त्यांच्यात निवड करता येत नाही. त्यांच्यात फरक आहे तो पेशीच्या बाहेरच्या आवरणात रोवलेल्या काही प्रथिनांचा. टी पेशीच्या आवरणावर सीडी३ नावाचे प्रथिन असते, तर बी पेशीवर ते नसून सीडी१९ असते. टी पेशींमध्येही मदतनीस पेशींवर सीडी४ आणि मारक पेशींवर सीडी८ असते. अशा एकाच प्रथिनाला नेमके हेरून चिकटणारा रेणू हाताशी असेल तर त्याच्या पाठीवर दिवा बांधून त्याला पेशींमध्ये सोडता येते. प्रतिपिंड, म्हणजे आपली नात म्हणते ती अँटिबॉडी, हा असा रेणू आहे.

दिवा बांधण्याची कल्पना अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात काम करणाऱ्या आल्बर्ट कून्स यांची. संधिवातज्वराच्या रुग्णांच्या ऊतीत स्ट्रेप्टोकोकस जंतूंचे अंश सापडतात का, हे त्यांना प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहायचे होते. त्यांच्या आधी काहींनी प्रतिपिंडांना साधे रंग जोडून पाहिले होते, पण तो रंग इतका फिका पडे की सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसतच नसे. कून्स यांनी साध्या रंगाऐवजी अनुस्फुरण करणारा, म्हणजे एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकणारा पदार्थ निवडला. १९४१ साली रसायनशास्त्रज्ञ सहकाऱ्यांबरोबर त्यांनी पहिला प्रयोग केला तो अँथ्रासीनपासून बनवलेल्या निळ्या प्रकाशाच्या पदार्थाने. प्रतिपिंड चमकले, पण उंदराची ऊतही अतिनील किरणांखाली आपली आपणच निळसर चमकते, आणि त्या निळ्यात हा निळा हरवून जाई. पुढच्याच वर्षी त्यांनी हिरवा प्रकाश देणारे फ्लुओरेसीन वापरले आणि न्यूमोकोकसचे अंश उंदराच्या ऊतीत स्पष्ट दिसले. हा तपशील मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पहिल्याच प्रयोगात जी अडचण आली तीच आजही रोज येते. पेशीतून प्रकाश येतो हे खरे, पण त्यातला किती आपण लावलेल्या दिव्याचा आणि किती पेशीचा स्वतःचा, हा हिशेब आधी करावा लागतो.

पुढच्या दोन गोष्टी घडल्या नसत्या तर आपल्या नातीला हे काम करता आले नसते. कून्स यांच्या काळातली प्रतिपिंडे प्राण्याच्या रक्तातून काढलेली असत, आणि त्यात अनेक प्रकारच्या प्रतिपिंडांची सरमिसळ असे. १९७५ साली केंब्रिजमध्ये जॉर्ज केलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी एकाच बी पेशीच्या वंशातून एकाच जातीची प्रतिपिंडे हवी तितकी बनवण्याची रीत काढली, आणि १९८४ साली त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरी गोष्ट म्हणजे फ्लो सायटोमीटर, पेशींचा प्रकाश मोजणारे यंत्र. स्टॅनफर्डचे लेनर्ड हर्झेनबर्ग यांना तासन्‌तास सूक्ष्मदर्शकात डोळे घालून चमकणाऱ्या पेशी मोजण्याचा कंटाळा आला होता. लॉस अलामोस येथे मॅक फुलवायलर यांनी १९६५ साली पेशींचे आकारमानानुसार वर्गीकरण करणारे यंत्र बनवले होते, आणि त्यात द्रवाचे एकसारखे थेंब पाडून त्यांना विद्युतभार देण्याची युक्ती शाईच्या फवाऱ्याने छपाई करणाऱ्या यंत्राकडून घेतलेली होती. त्या आधारावर हर्झेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९६९ साली अनुस्फुरणावरून पेशी निवडणारे यंत्र प्रसिद्ध केले. या यंत्रात पेशी एकामागून एक, रांगेत, लेसरच्या झोतापुढून जातात आणि प्रत्येकीचा प्रकाश स्वतंत्र मोजला जातो. सेकंदाला हजारो पेशी मोजणे आज सर्वसाधारण समजले जाते.

‘सीडी’ या अक्षरांविषयी आपण विचारलेले नाही, पण ते सांगणे उपयोगी ठरेल. केलर-मिलस्टाइन यांच्या रीतीमुळे जगभर इतकी प्रतिपिंडे निघाली की एकाच प्रथिनाला प्रत्येक प्रयोगशाळेचे वेगळे नाव पडू लागले. १९८२ साली पॅरिसमध्ये संशोधक एकत्र आले, आपापली प्रतिपिंडे ताडून पाहिली आणि एकाच प्रथिनाला चिकटणाऱ्या प्रतिपिंडांच्या गटाला एक क्रमांक दिला. हे क्रमांक आता ३७०च्या पुढे गेले आहेत. म्हणून सीडी४मधला ४ हा केवळ नोंदवहीतला क्रमांक आहे. पेशीच्या कामाशी त्याचा काही संबंध नाही.

प्रश्न : मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रबंधिकेसाठी उंदराच्या प्लीहेतील पेशींना सीडी३ एपीसी, सीडी४ फिट्सी आणि सीडी८ पीई असे तीन रंग लावले. सीडी३ असलेल्या पेशींमध्ये सुमारे ९ टक्के पेशी सीडी४ आणि सीडी८ दोन्ही असलेल्या दिसल्या. मला वाटले काहीतरी नवे सापडले. सर म्हणाले, चुकले आहे, पुन्हा कर. रंग न दिलेली नळी आणि आयसोटाइप कंट्रोल दोन्ही ठेवले होते. मग चूक कुठे असेल? — विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : तुमच्या सरांशी मी सहमत आहे, पण ‘पुन्हा कर’ एवढ्याने चूक सापडणार नाही, तीच चूक पुन्हा होईल. उंदराच्या थायमसमध्ये, जिथे टी पेशी घडतात तिथे, बहुसंख्य पेशींवर सीडी४ आणि सीडी८ दोन्ही असतात. थायमसमधून बाहेर पडताना पेशी दोहोंपैकी एक सोडून देते, त्यामुळे निरोगी उंदराच्या प्लीहेत दोन्ही असलेल्या टी पेशी तुरळक सापडतात. ९ टक्के हा आकडा म्हणूनच संशयास्पद आहे. आलेखात प्रत्येक पेशी एक ठिपका असते आणि सारख्या पेशींच्या ठिपक्यांचा ढग होतो. आता तुमच्या आलेखात त्या पेशी कोठे बसल्या आहेत हे नीट पाहा. चूक कोणत्या प्रकारची आहे हे बहुधा आलेखाच्या आकारावरूनच कळते.

पहिला संशय रंगांच्या गळतीचा घ्यावा. फिट्सी आणि पीई दोन्ही ४८८ नॅनोमीटरच्या निळ्या लेसरने पेटतात. फिट्सीचा प्रकाश सुमारे ५२० नॅनोमीटरला सर्वांत तीव्र असतो, पण त्याची शेपटी लांब असून पीईसाठी सुमारे ५७५ नॅनोमीटरला ठेवलेल्या खिडकीत, म्हणजे तेवढ्याच रंगाचा प्रकाश मोजणाऱ्या संवेदकात, शिरते. म्हणजे जिच्यावर फक्त सीडी४ आहे अशी पेशीदेखील पीईच्या खिडकीत थोडी चमकते आणि यंत्राला ती सीडी८ असल्याचे वाटते. ही गळती वजा करण्याला कॉम्पेन्सेशन म्हणतात, आणि किती वजा करायचे हे यंत्राला एकेकच रंग दिलेल्या नळ्यांवरून शिकवावे लागते. तुमच्या पत्रात अशा नळ्यांचा उल्लेख नाही. आलेखात सीडी४च्या ढगाला वरच्या बाजूस तिरकी शेपूट फुटली असेल, म्हणजे सीडी४ जितके तेजस्वी तितके सीडी८ही वाढत गेलेले दिसत असेल, तर ही गळतीच आहे. एकेक रंगाच्या नळीतल्या पेशी नमुन्यातल्या पेशींइतक्या किंवा त्याहून तेजस्वी असाव्या लागतात, आणि रंगही तोच असावा लागतो. फिट्सीच्या जागी दुसरा कोणताही ‘हिरवा’ चालत नाही.

शेपूट नसेल आणि दोन्ही रंगांत पूर्ण तेजस्वी असा वेगळाच, नीटस ढग दिसत असेल, तर एक सीडी४ पेशी आणि एक सीडी८ पेशी एकमेकींना चिकटून लेसरपुढून गेली असण्याचा संभव अधिक. प्लीहा कुस्करून चाळणीतून गाळताना पेशी तुटतात, त्यांतला डीएनए बाहेर येतो आणि पेशींचे गोळे बनवतो. अशी जोडगोळी लेसरपुढून जायला जास्त वेळ घेते, त्यामुळे तिच्या संकेताची उंची फारशी वाढत नाही पण क्षेत्रफळ वाढते. क्षेत्रफळ आणि उंची यांचा आलेख काढून कर्णरेषेबाहेरचे ठिपके वगळल्यावर तुमचे ९ टक्के किती उरतात ते पाहा. यासाठी प्रयोग पुन्हा करावा लागत नाही. साठवलेली फाइल पुन्हा उघडली की झाले.

तिसरी शक्यता मेलेल्या पेशींची. मेलेल्या पेशींचे आवरण फाटलेले असते आणि त्या जवळजवळ प्रत्येक प्रतिपिंड पकडून ठेवतात, त्यामुळे ढग न दिसता सर्व रंगांत पसरलेला धूसर पट्टा दिसतो. मेलेल्या पेशींना वेगळा रंग देणारे ७-एएडीसारखे द्रव्य वापरून त्या आधीच बाजूला काढायच्या असतात, मात्र त्यासाठी यंत्रावर एक खिडकी मोकळी ठेवावी लागते. पीईच्या शेजारच्या लांब तरंगलांबीच्या खिडकीत ते बसते, पण तिथेही गळतीचा हिशेब करावाच लागतो.

चौथे कारण प्रतिपिंडाच्या शेपटीशी निगडित आहे. प्रतिपिंड आपल्या दोन हातांनी खूण, म्हणजे सीडी४सारखे प्रथिन, पकडते, पण बी पेशी आणि मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पेशी) यांच्या आवरणावर प्रतिपिंडाची शेपटी पकडणारी प्रथिने, म्हणजे ग्राहक, असतात आणि ते कोणतेही प्रतिपिंड पकडून ठेवतात. तुम्ही सीडी३ असलेल्याच पेशी निवडल्या असल्यामुळे याचा त्रास तुम्हाला कमी होईल. तरीही रंग देण्याआधी दहा मिनिटे या ग्राहकांना, म्हणजे सीडी१६ व सीडी३२ यांना, अडवणारे प्रतिपिंड घालण्याची सवय ठेवावी, उंदरासाठी २.४जी२ हा क्लोन, म्हणजे एकाच पेशीवंशातले प्रतिपिंड, त्यासाठी सर्वत्र वापरतात. सीडी३ची निवड करण्याचा आणखी एक फायदा असा की उंदराच्या प्लीहेतील काही डेंड्रिटिक पेशींवरही सीडी८ असते, आणि सीडी३ न पाहता केवळ सीडी८ मोजणाऱ्यांना त्या टी पेशी वाटतात.

आता आयसोटाइप कंट्रोलविषयी. त्याच वर्गाचे पण कुठल्याही खुणेला न चिकटणारे प्रतिपिंड लावून ‘रिकामी’ चमक मोजावी, ही कल्पना वरवर चोख वाटते. प्रत्यक्षात त्या प्रतिपिंडाला जोडलेल्या रंगाच्या रेणूंची संख्या तुमच्या प्रतिपिंडाएवढीच असेल असे नाही, आणि रंगांची गळती तर ते दाखवूच शकत नाही. म्हणून सीमारेषा कुठे आखायची हे ठरवायला ते अपुरे पडते. तुमच्या प्रयोगात सीडी८ची रेषा ठरवायची असेल तर सीडी३ आणि सीडी४ दोन्ही रंग द्यावेत आणि केवळ सीडी८चा पीई वगळावा. या नळीत पीईच्या खिडकीत जे काही दिसेल ते खोटे, आणि रेषा त्याच्या वर. प्रयोगशाळेत याला ‘एफएमओ’ (फ्लुओरेसन्स मायनस वन, म्हणजे एक रंग वजा) म्हणतात. माझ्या मते कंट्रोलसाठी एकच जास्तीची नळी परवडत असेल तर आयसोटाइप सोडून ही नळी ठेवावी.

एवढे करूनही आकडा ९ राहिला तर जरूर पुन्हा लिहा, कारण मग तुमच्या उंदरात खरोखर काही वेगळे घडत असेल. पण प्रतिपिंडाचे प्रमाण तपासल्याशिवाय नको. बाटलीवर छापलेले प्रमाण अनेकदा गरजेपेक्षा जास्त असते, आणि जास्तीचे प्रतिपिंड नको तिथे चिकटते. दहा लाख पेशींसाठी दरवेळी निम्मे करत सहा-सात प्रमाणे करून पाहावीत आणि खूण असलेल्या व नसलेल्या पेशींचे ढग सर्वांत दूर जातात ते प्रमाण निवडावे. हजारो रुपयांची बाटली दुप्पट दिवस पुरते, हा त्यातला आनुषंगिक लाभ.

प्रश्न : आमच्या प्रयोगशाळेत नव्या सहायकाने पीई आणि पीई-साय७ जोडलेल्या प्रतिपिंडांच्या बाटल्या चुकून उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवल्या. वितळवून वापरता येतील का? — तंत्रज्ञ, नागपूर

उत्तर : वापरू नयेत. फिट्सी हा लहानसा रासायनिक रेणू आहे, पण पीई, म्हणजे फायकोएरिथ्रिन, हे स्वतःच एक प्रथिन असून त्याचे वजन सुमारे २४० किलोडाल्टन आहे. ज्या प्रतिपिंडाने ते वाहून न्यायचे ते १५० किलोडाल्टनचे. माणसापेक्षा त्याच्या हातातला कंदीलच जड, असा हा प्रकार. तांबड्या शेवाळात प्रकाश गोळा करण्याचे काम हे प्रथिन करते (असे तांबडे शेवाळ पावसाळ्यात कोकण-गोव्याच्या खडकांवरही दिसते), आणि १९८२ साली कॅलिफोर्नियात ओई, ग्लेझर आणि स्ट्रायर यांनी ते प्रतिपिंडांसाठी प्रथम वापरून दाखवले. गोठताना तयार होणारे बर्फाचे स्फटिक त्या प्रथिनाची घडण मोडतात आणि दिवा विझतो. या बाटल्या २ ते ८ अंशांना, अंधारात ठेवायच्या असतात.

पीई-साय७ची गोष्ट आणखी नाजूक आहे. त्यात पीई प्रकाश शोषते आणि ती ऊर्जा शेजारच्या साय७ या रंगाला देते, मग साय७ तांबड्याच्या पलीकडचा प्रकाश टाकते. उजेड, उष्णता किंवा पेशी टिकवून ठेवणाऱ्या द्रावणात (फिक्सेटिव्हमध्ये) जास्त वेळ राहिल्याने ही जोडी तुटली की पीई आपली ऊर्जा स्वतःच पिवळ्या-नारिंगी प्रकाशात उधळते, आणि साय७ची खूण असलेली पेशी पीईची खूण असलेली वाटू लागते. उमेदवारीच्या काळात मी अशा रंगवलेल्या नळ्या दुपारभर खिडकीपाशी ठेवल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी सापडलेल्या ‘नव्या’ पेशींचा पाठपुरावा पंधरा दिवस केला होता. त्या पेशी कधीच अस्तित्वात नव्हत्या. नुसती विझलेली बाटली परवडते, कारण तिच्यात काही दिसतच नाही. अर्धवट तुटलेली जोडी मात्र खोटे उत्तर आत्मविश्वासाने देते.

प्रश्न : माझ्या नात्यातील एका मुलाच्या रक्ताच्या कर्करोगाच्या अहवालात सीडी१९ ‘पॉझिटिव्ह’ लिहिले होते. सीडी१९वर आधारित उपचार मुंबईत निघाले असल्याचे वाचले. उपचारानंतरच्या अहवालात सीडी१९ दिसले नाही तर रोग गेला असे समजावे का? — वाचक, पुणे

उत्तर : एका रुग्णाविषयी सल्ला देणे या सदराचे काम नाही, ते उपचार करणारे डॉक्टरच करतील. प्रश्नातला तर्क मात्र समजावून सांगता येईल. आपण वाचले ते उपचार म्हणजे आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटर यांच्या सहकार्यातून तयार झालेली नेक्सकार१९ ही कार-टी उपचारपद्धती. तिला ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियामकाची मान्यता मिळाली. रुग्णाच्याच टी पेशींना सीडी१९ ओळखणारा एक बनावट ग्राहक देऊन त्या परत शरीरात सोडतात, आणि सीडी१९ असलेल्या बी पेशी, कर्करोगी आणि निरोगी दोन्ही, त्या नष्ट करतात.

त्यानंतर अहवालात सीडी१९ दिसले नाही तर त्याचे दोन अर्थ होऊ शकतात. एक, त्या पेशी उरलेल्या नाहीत. दोन, ज्या उरल्या त्यांनी सीडी१९ हे प्रथिनच आवरणावर आणणे सोडले आहे. काही रुग्णांत रोग असा रूप बदलून परततो. म्हणून कार-टीनंतर बी पेशींचा शोध घेताना प्रयोगशाळा केवळ सीडी१९वर न विसंबता सीडी२२, सीडी२४ अशा इतर खुणाही लावतात. सीडी२०ची गोष्ट याहून बोलकी आहे. रिटक्सिमॅब हे औषध स्वतःच सीडी२०ला चिकटणारे प्रतिपिंड आहे. ते घेतलेल्या रुग्णाच्या उरलेल्या बी पेशींवर सीडी२० असते, पण औषधाने झाकलेले असते. प्रयोगशाळेतल्या रंगीत प्रतिपिंडाला बसायला जागाच मिळत नाही, आणि पेशी ‘निगेटिव्ह’ दिसते. अशा रुग्णांच्या बी पेशी सीडी१९ने मोजतात ते यासाठीच.

प्रश्न : मी इलेक्ट्रॉनिक्स अभियंता आहे. चाळीस रंग एकाच वेळी मोजणारी यंत्रे आली आहेत असे ऐकले. मग तीन-चार रंगांवर अडून राहण्याचे कारण काय? — वाचक, ठाणे

उत्तर : आपण ऐकले ते बरोबर आहे, २०२० साली मानवी रक्तातील पेशींसाठी चाळीस रंगांची मांडणी प्रसिद्ध झाली. ही यंत्रे एका रंगाला एक खिडकी देत नाहीत. प्रत्येक पेशीचा संपूर्ण वर्णपट अनेक संवेदकांवर घेतात आणि त्यातून कोणता रंग किती, हे रेषीय समीकरणे सोडवून काढतात. आपल्या क्षेत्राच्या भाषेत सांगायचे तर संकेताची सरासरी वजा करता येते, पण त्याबरोबर आलेला कुरकुराट (नॉइज) वजा होत नाही. फोटॉन मोजण्यातली अनिश्चितता रंगागणिक साठत जाते आणि पेशींचे ढग फुगतात. शेजारी तेजस्वी रंग असेल तर एखाद्या पेशीवरची अंधूक खूण त्या फुगवट्यात बुडून जाते. म्हणून पेशीवर विपुल असलेल्या सीडी८ किंवा सीडी४५सारख्या खुणांना फिट्सीसारखा मंद रंग आणि विरळ असलेल्या खुणांना पीईसारखा तेजस्वी रंग देतात, आणि एकाच पेशीवर असणाऱ्या दोन खुणांना वर्णपटात शक्य तितके दूरचे रंग देतात. चाळीस रंगांची अशी मांडणी कागदावर जुळवायला कित्येक आठवडे जातात, आणि त्या काळात यंत्र बहुतेक वेळ बंदच असते.